सहीमागच्या डॉक्टर

सासूबाईंचं रक्त तपासायचं ते कोथरूडलाच, असा आमच्या घरचा नियम होता. माझी नोकरी खराडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणून आम्ही कोथरूड सोडून मांजरीला फ्लॅट घेतला. त्यांनी भांडी हलवली, गॅस हलवला, देव हलवले. लॅब मात्र हलवायला तयार नव्हत्या. त्यामुळे अधूनमधून भल्या सकाळी त्यांना अनशापोटी स्कूटरवर मागे बसवून मी अख्खं पुणं ओलांडायची.

हा खटाटोप डोळ्यांसाठी होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. बाई पथ्याला एकदम कडक. भात सोडला, आंबा सोडला, माझ्या हातचा चहा तर आनंदाने सोडला. तरी दर वेळी उपाशीपोटीची साखर चढलेलीच, आणि ऑपरेशन पुढे. मी हळहळले की म्हणायच्या, "आता काय पाहायचं राहिलंय?" पण एकदा त्या टीव्हीच्या पडद्याला जवळजवळ नाक लावून बसलेल्या दिसल्या.

एका सकाळी कोथरूडला निघालो, तर रेल्वेचं फाटक पडलं ते उघडेचना. मालगाडी गेली, मागून एक्सप्रेस गेली, तरी फाटकवाला ढिम्म. मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला, "गरगरतंय गं मला." मी सरळ स्कूटर वळवली. गावात खताच्या दुकानाशेजारी पॅथॉलॉजीची नवी पाटी मी रोज जाता-येता पाहायची. तिथे थांबले.

"इथे?" सासूबाई म्हणाल्या. "बरं. पण आधी समोरच्या मारुतीला जाऊन येते. आता सगळी भिस्त त्याच्यावर."

मी त्यांना हाताला धरून नेलं, आणलं. लॅबमध्ये पांढऱ्या कोटातल्या तरुण बाई स्वतःच सगळं करत होत्या. त्याच डॉक्टर, मांजरीच्याच शेतकऱ्याघरची लेक. समोर एक पागोटेवाले आजोबा दंडावरचा कापूस धरून बसले होते.

"रगत घेतलंस, आता गोळी दे की."

"आबा, मी गोळ्या देत न्हाय. रक्तात काय हाय ते सांगते."

"म्हंजी निम्मीच डाक्टर हायस व्हय?"

सासूबाई खुदकन हसल्या. मग बाही वर करत डॉक्टरांना म्हणाल्या, "कोथरूडला इतकी वर्षं रिपोर्टखाली फक्त सही पाहिली. सहीला हात-पाय असतात हे आज कळलं."

या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी नेहमीच्या चाचणीबरोबर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणीही लिहून दिली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅबमधून फोन आला: काकूंना घेऊन या. माझं ऑफिसातलं काम संपेना, आणि काळजीने मला काही सुचेना. शेवटी काम तसंच टाकून मी सासूबाईंना घेऊन लॅब गाठली.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. "काकू, तीन महिन्यांची सरासरी छान आहे. मग ऐन सकाळी उपाशीपोटी साखर एवढी वर कशी? काल उठल्यापासून माझ्याकडे येईपर्यंत काय काय केलंत, सगळं सांगा."

सासूबाईंनी सांगितलं. अंघोळ, फाटक, गरगरणं, मारुती. "त्याला म्हटलं, बाबा रे, साखर तेवढी खाली आण."

"मग पुजाऱ्यांनी काय दिलं?"

"प्रसाद."

"कशाचा?"

"पेढा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे खाल्लंत."

"छे हो. खाल्लं कुठे? प्रसाद घेतला."

मीसुद्धा मान डोलावली. प्रसाद म्हणजे खाणं नव्हे, हे मीही लहानपणापासून धरूनच चालले होते. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "कोथरूडलाही आधी देवळात जायचात?"

"दर वेळी. गणपतीला. त्यांचा शिरा म्हणजे काय सांगू, साजूक तुपातला."

डॉक्टर टेबलावर डोकं टेकून हसल्या, मी हसले, आणि सासूबाई आमच्याकडे शांतपणे पाहत म्हणाल्या, "त्याला तरी काय दोष द्यायचा? मी एक मागितलं, त्याच्या पुजाऱ्याने दुसरं दिलं."

दुसऱ्या सकाळी आम्ही देवळाकडे न वळता रक्त दिलं. साखर आटोक्यात होती. डॉक्टरांनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं समजावून सांगितलं, आणि ऑपरेशनची तारीख घेतली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की ऑफिसात कुणीही काहीही मागितलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

ऑपरेशननंतर एका डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मी समोरच उभी होते. सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. मला वाटलं, आता काहीतरी तिरकस ऐकायला मिळणार.

त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या कानाजवळची बट बोटांत धरली.

"अगं, तुझे केस पांढरे झाले," त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलं का नाही?"