मी मागितला तरी नाही

दाभणबाईला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयात तिच्यासाठी एक खुर्ची होती, पण अकरा वर्षं त्या खुर्चीवर पुस्तकं चिकटवायच्या खळीचं भांडंच ठाण मांडून होतं. बाई उभ्यानेच पुस्तकं द्यायची, उभ्यानेच नोंदी करायची, डबासुद्धा खिडकीत ठेवून उभ्यानेच खायची, आणि मधूनच काहीतरी विसरल्यासारखी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन यायची. तिचे वडील म्हणायचे, ही जन्माला आली तीच उशीर झाल्यासारखी.

वडील पुस्तकबांधणीचं काम करायचे. नजर गेली तसं त्यांचं दुकान बंद झालं, पण पुस्तकं शिवायची जाड सुई, म्हणजे दाभण, पोरीच्या हातात राहिलं. त्या दाभणावरूनच मुलांनी तिला नाव ठेवलं होतं. नाव तिच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून तिला ते आवडायचं, पण तसं दाखवलं तर मुलं डोक्यावर बसतील म्हणून ती कपाळाला आठ्या घालून फिरायची.

शाळा गावाबाहेर, लहानशी, आणि माणसांच्या नावाने बोंब. मुख्याध्यापक गणित आणि भाषा शिकवायचे आणि उरलेल्या वेळात मुख्याध्यापक असायचे. खेळाच्या सरांकडे भूगोल होता, त्यामुळे नकाशे आणि फुटबॉल एकाच कपाटात गुण्यागोविंदाने राहात. विज्ञानाचे सर तीन शाळांत मिळून एक. ते इथे फक्त मंगळवारी यायचे, आणि मंगळवारी सरांना ताप आला की आठवडाभर विज्ञान आजारी. दाभणबाई कागदावर ग्रंथपाल होती. प्रत्यक्षात घंटा वाजवणं, प्रयोगशाळेची किल्ली सांभाळणं, फुटलेल्या गुडघ्यांना औषध लावणं हेही तिच्याच गळ्यात होतं. आणि एवढं करून ती हंगामी. दर वर्षी सत्र संपत आलं की पुढच्या वर्षीचा कागद येतो की नाही, या काळजीने तिचा जीव टांगणीला लागायचा.

यंदा मात्र वरच्या कार्यालयातून पत्र आलं. ज्या शाळेत वापरण्याजोगी पाचशे पुस्तकं असतील तिथलं ग्रंथपालाचं पद कायम होईल, आणि एक जरी कमी भरलं तरी पद रद्द. बाईने कपाटं उपसली. वाळवीने खाल्लेली पुस्तकं बाद केली, जी वाचवता येतील ती चिकटवली, शिवली, त्यांना नवे पुठ्ठे चढवले. दोन महिन्यांनी आकडा बरोबर पाचशेवर आला. मुख्याध्यापकांनी नोंदवहीवर शिक्का मारला आणि ती बंद झाली. आता तिच्यात भर घालायची सोय उरली नाही.

फक्त एक गोष्ट होती. त्या पाचशेतली चार पुस्तकं, पुस्तकं राहिली नव्हती.

झालं होतं असं. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक बदललं. वर्गात मुलं बत्तीस आणि नवी पुस्तकं आली चार. बाकीची मागाहून पाठवतो, असं कार्यालयाने कळवलं. 'मागाहून' हा त्या कार्यालयाचा फार लाडका शब्द. बाईने आठ दिवस वाट पाहिली, नवव्या दिवशी दाभण उचललं आणि चारही पुस्तकं उसवली. पुस्तकात धडे आठ. एकेका धड्याचा वेगळा भाग शिवला, त्याला जुन्या वह्यांचे पुठ्ठे लावले. चार पुस्तकांचे बत्तीस भाग झाले, बत्तीस मुलांच्या हातात एकेक गेला. दर दोन दिवसांनी सकाळी दहा वाजता भाग बदलायचे. कोणाचा नंबर कुठल्या भागावर, हे सगळं एका वहीत.

पहिल्याच आठवड्यात एका दांडगट पोराने एका मुलीचा भाग 'बाईंनी मागितलाय' म्हणून काढून घेतला आणि स्वतः घरी नेला. बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत नियम लिहून वर्गाच्या भिंतीवर ठोकला. नंबर संपेपर्यंत आपला भाग कोणालाही द्यायचा नाही. सरांनी मागितला तरी नाही. मी मागितला तरी नाही.

तपासणीचं पत्र सोमवारी आलं. तपासणी त्याच गुरुवारी, आणि दहावीची परीक्षा पुढच्या सोमवारी. मुख्याध्यापक हातात पत्र घेऊन ग्रंथालयात आले.

"बाई, ती चार पुस्तकं."

"आहेत ना सर."

"आहेत, पण तुकड्यांत आहेत. साहेब तुकडे मोजतील का?"

"बुधवारी शाळा सुटताना गोळा करते. संध्याकाळी शिवते. साहेब गेले की परत उसवते. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"चालेल?"

"न चालायला काय झालं?" बाई म्हणाली खरी, पण त्या दिवशी ती व्हरांड्यात नेहमीपेक्षा दुप्पट फेऱ्या मारत होती.

बुधवारी सुटीच्या वेळी ती दहावीच्या दारात पिशवी धरून उभी राहिली. मुलांनी मुकाट्याने एकेक भाग पिशवीत टाकला. एकतीस झाले. बत्तिसावी, मागच्या बाकावरची, लांब वेणीची, बोलायला घुमी अशी मुलगी दप्तर पोटाशी धरून उभी.

"चल, दे."

"देणार नाही बाई."

"काय म्हणालीस?"

"आज सकाळीच मला विजेचा धडा मिळालाय. शुक्रवारी दहापर्यंत माझा नंबर आहे." तिने भिंतीकडे पाहिलं. "तुम्हीच लिहिलंय."

आई आजारी होती म्हणून ती मुलगी तीन आठवडे शाळेत नव्हती. विजेचा धडा सरांनी त्याच काळातल्या एका मंगळवारी उरकला होता. हे बाईला माहीत होतं, वहीत सगळं लिहिलेलं होतं. कोणी दुसरं असतं तर बाईने एका दमात सरळ केलं असतं. पण भिंतीवरचं अक्षर तिचं होतं, आणि पोरगी उद्धटपणाने नव्हे, भीत भीत बोलत होती. बाईला राग आला, आणि राग नक्की कोणावर काढावा हे कळेना म्हणून तो अजूनच वाढला. ती एकतीस भाग घेऊन घरी गेली.

घरी वडील दारात बसले होते. पोरीच्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं. "काय बिनसलं?"

तिने सांगितलं. वडिलांनी नुसतं हूं केलं आणि दोरा मागितला. दोघं शिवायला बसली, म्हणजे वडील बसले, ती गुडघ्यावर. उद्या परत उसवायची म्हणून तिने कच्चा टाका घातला. टोक ओढलं की सगळा दोरा सरळ हातात यावा, असा. तीन पुस्तकं झाली. चौथ्यात सहाव्या धड्यानंतर सरळ आठवा येत होता.

बाई उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, आणि कोपऱ्यातल्या बाद पुस्तकांतून शेतीचं एक जुनं पुस्तक काढलं. आकार तोच, कागद तोच. त्यातली मधली वीस पानं तिने सातव्या धड्याच्या जागी घातली.

वडिलांनी पुस्तक हातात घेऊन कण्यावरून बोट फिरवलं. "जाडी बरोबर आहे." मग जरा थांबून म्हणाले, "आत काय घातलंस?"

"कोण वाचणार आहे बाबा? मोजायला येतायत."

वडिलांनी पुस्तक तिच्या हातात परत ठेवलं आणि आपले हात धोतराला पुसले. ते तिला फार लागलं.

गुरुवारी अकराला तपासणीचे साहेब आले. सडपातळ, थकलेले, बुटांवर धूळ. सकाळपासून ही त्यांची दुसरी शाळा होती. त्यांनी खळीचं भांडं उचलून खिडकीत ठेवलं आणि खुर्चीवर बसले. बाईला आपल्याच जागेवरून कोणी उठवल्यासारखं वाटलं. साहेब एकेक पुस्तक उघडायचे, मिटायचे, खूण करायचे. बाई समोर उभी राहून मनातल्या मनात मोजत होती. दुपारी दीड वाजता विज्ञानाची पुस्तकं आली. चारशे सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. चौथं पुस्तक साहेबांनी मध्येच उघडलं आणि एकदम हसले.

"मी पूर्वी विज्ञान शिकवायचो बाई. विजेचा धडा माझ्या आवडीचा. पण त्यात मेंढ्यांच्या जाती कधी नव्हत्या."

मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लपवायचं काही उरलं नाही म्हणून तिने सगळं सांगून टाकलं. चार पुस्तकं, बत्तीस भाग, वही, नियम, ती मुलगी. मुख्याध्यापक मध्येच म्हणाले, "साहेब, माझा घरचा शब्दकोश देतो, तो धरा." साहेबांनी मान हलवली. नोंदवहीत नसलेलं पुस्तक त्यांना धरता येत नव्हतं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी तीनपर्यंत आहे. बाई, तो भाग आणा, माझ्यासमोर शिवा, मी पाचशे लिहितो. अकरा वर्षं म्हणजे काही कमी नाहीत."

बाई दारापर्यंत पोचली, तेवढ्यात साहेब कागद चाळत म्हणाले, "आणि हो, मोजलेली पुस्तकं कपाटात सीलबंद होतील. पंधरा दिवसांनी फेरमोजणीला दुसरे लोक येतात. तोवर उघडायची नाहीत."

"पंधरा दिवस?"

"नियमच तसा आहे. माझ्या हातात नाही."

व्हरांडा तिच्या पायाखालचा होता, डोळे मिटूनही तिला चालता आला असता. दहावीचा वर्ग त्याच्या दुसऱ्या टोकाला. अर्ध्या वाटेत ती थांबली, परत फिरली, पुन्हा वळली. कायम. एवढा एक शब्द मिळाला की दर सत्राअखेरची टांगती काळजी मिटणार होती. वडिलांना सांगता येणार होतं. पंधरा दिवसांचं काय, मुलं काढतील काही करून, असं तिने स्वतःला तीनदा बजावलं. परीक्षा मात्र सोमवारीच होती आणि ती काही कोणासाठी थांबणार नव्हती.

वर्गात शिक्षक नव्हते. सगळी मुलं मागच्या बाकाभोवती गोळा झाली होती, काही बाकांवर उभी, काही खिडकीच्या कठड्यावर चढलेली. वर्गात आज विज्ञानाचा तेवढाच एक भाग होता. लांब वेणीची ती घुमी पोरगी मोठ्याने वाचत होती. एक वाक्य वाचायची, थांबायची, आणि तो दांडगट पोरगा ते फळ्यावर उतरवून घ्यायचा.

बाई दिसताच वाचन थांबलं. ग्रंथालयाच्या खिडकीतून कोणीतरी सगळं ऐकून वर्गात सांगितलं असणार, कारण मुलगी उठली आणि भाग दोन्ही हातांनी पुढे करत आली. तिचे डोळे भरले होते.

"घ्या बाई. मला माहीत नव्हतं तुमची नोकरी जाईल म्हणून."

बाईने हात पुढे केला. भाग तिच्या बोटांना लागलासुद्धा. तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"नंबर कधी संपतो तुझा?"

"उद्या दहाला."

"मग आत्ता कशाला देतेस? वाचता येत नाही का भिंतीवरचं?" बाईचा आवाज चढला. "आणि तू रे, फळ्यावर अक्षर नीट काढ. विजेच्या तारा आहेत त्या, शेवया नव्हेत."

ग्रंथालयात साहेब पेन उघडून बसले होते. "आणलात?"

"नाही साहेब. तो वाचनात आहे."

तिने टेबलावरची चारही पुस्तकं जवळ ओढली. पहिल्याच्या कण्यातलं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. दोरा सरसर निघून आला, आठ भाग टेबलावर पसरले. मग दुसरं, मग तिसरं. मुख्याध्यापक "बाई, बाई" करत राहिले. चौथ्यातून तिने मेंढ्या वेगळ्या काढल्या आणि बाद पुस्तकांवर टाकल्या. साहेबांनी चारशे शहाण्णव लिहिलं, पेन मिटलं आणि उठताना खळीचं भांडं आपल्या हाताने परत खुर्चीवर ठेवलं.

शुक्रवारी दहाची घंटा बाईनेच दिली. दहावीची रांग ग्रंथालयाच्या दारात लागली. मुलीने सातवा भाग टेबलावर ठेवला. बाईने एकेक पान उलटून पाहिलं.

"हे पान कोणी दुमडलं?"

"मी, बाई."

"पुन्हा दुमडायचं नाही."

तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच राग येत होता. पद गेलं होतं, तसा कागद मागाहून येणार होता. वहीत मुलीच्या नावापुढे तिने खूण केली, तारीख घातली. मग डोळे पुसायलाही न थांबता ती रांगेकडे वळून म्हणाली, "विजेवर पुढचा नंबर कोणाचा आहे? या लवकर, माझ्याकडे वेळ नाही."