एका दमातली प्रार्थना

पंचांनी दुसरी शिट्टी वाजवली तेव्हा माझी टीम गोल करून, डोळे मिटून उभी होती आणि तिसरी प्रार्थना चालू होती. चौथी अजून बाकी होती.

"म्यॅडम, टीम पाठवता का वॉकओव्हर देऊ?" पंच मध्यरेषेवरून ओरडले.

वॉकओव्हर म्हणजे समोरची टीम न खेळताच जिंकते. आणि ही आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची सेमीफायनल होती. मी गोलात घुसले आणि कॅप्टनच्या कानाशी लागले. "लता, आटप वं."

लतानं एकच डोळा उघडला. "माही झाली कधीचीच, म्यॅडम. मेरीची चालू हाय. ती आता राखीव पोट्ट्यायची नावं घेऊन राहिली."

मेरी आमची कोपरारक्षक. अंगानं दणकट, मनानं फार मऊ. देवाकडे काही मागायचं तर टीममधल्या एकेकीचं नाव घेऊन मागायचं, कुणाला वगळायचं नाही, असा तिचा शिरस्ता. शेवटी मी तिचं मनगट धरलं आणि तिला मैदानाकडे ओढलं. बाकीच्या मागोमाग धावल्या. निम्म्या पोरींचे हात अजून जोडलेलेच होते. लताच्या काखेत नारळ होता. तो मध्यरेषेवर निसटला आणि घरंगळत समोरच्या टीमच्या हद्दीत गेला. त्या पोरी हसून हसून वाकल्या. आम्ही ती मॅच एका पॉइंटनं जिंकलो, त्यात त्यांच्या हसण्याचा वाटा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मॅच संपल्यावर पंच माझ्याजवळ आले. "म्यॅडम, उद्या फायनल हाय. देवायले आधीच सांगून ठेवा. वेळ झाला की मी कोणासाठी थांबत नसतो."

आता ही प्रार्थनेची रांग लागली कशी, ते सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका मुलींच्या कॉलेजात मी फिजिकल इन्स्ट्रक्टर होते. स्टाफरूममध्ये मला 'शिट्टीवाल्या बाई' म्हणत. आमच्या कॉलेजची एक पद्धत होती. मॅचच्या आधी टीमनं गोल करायचा, सोसायटीचे सेक्रेटरी नानासाहेब स्वतः नारळ घेऊन यायचे, सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लागायचं, गणपतीस्तोत्र व्हायचं आणि कॅप्टन नारळ फोडायची. नानासाहेब निवृत्त वकील. माणूस वाईट नव्हता. मुलींनी खेळावं म्हणून त्यांनी सोसायटीत भांडणं केली होती. पण एकदा बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा, आणि आपलं म्हणणं कुणी खोडून काढू शकतं हे त्यांना पटतच नसे.

त्या वर्षी टीममध्ये सुजाता आली. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली पोरगी, वडील कापडगिरणीत. काटकुळी, पण दम असा की मी तोंडात बोट घातलं. दम म्हणजे काय, तर कबड्डीत चढाई करणाऱ्या खेळाडूनं 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या हद्दीत शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि परत यायचं. हे सगळं एका श्वासात. मध्ये श्वास घेतला की दम तुटला, खेळाडू आऊट. सुजाता समोरच्या हद्दीत जाऊन बाजारात भाजी निवडावी तशी निवांत फिरायची, आणि हिचा श्वास आता तरी संपेल म्हणून समोरच्या पोरी वाट पाहत राहायच्या.

पहिल्या मॅचला ती गोलाबाहेर उभी राहिली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"म्यॅडम, माह्या मायबापानं बुद्धाची दीक्षा घेतली तवा मी मांडीवर होती. आमच्यात या देवायले हात नाही जोडत, कुंकूही नाही लावत. मी बाजूले चुपचाप उभी राहते. चालते ना?"

मला चालत होतं. नानासाहेबांना चाललं नाही. मॅच जिंकल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "ती मुलगी टीममध्ये आहे की प्रेक्षकांत? टीम म्हणजे एक कुटुंब. जी प्रार्थनेला उभी राहणार नाही, ती खेळणार नाही."

"साहेब, निम्मे पॉइंट तिचे आहेत."

"पॉइंट म्हणजे सर्वस्व नव्हे, बाई."

हे वाक्य कोचला सांगायचं म्हणजे हलवायाला साखर सोडायला सांगण्यासारखं झालं. मी तडक प्रिन्सिपॉलबाईंकडे गेले. त्या फाइलमध्ये डोकं घालून ऐकत होत्या. म्हणाल्या, "नानासाहेबांना प्रार्थना हवी आहे ना? होऊ दे. प्रत्येकीची आपापली होऊ दे." आणि पुढच्या मीटिंगला निघून गेल्या. नानासाहेबांनाही त्यांनीच कसंबसं पटवलं.

ऐकायला फार गोड होतं ते. प्रत्यक्षात काय झालं, तर सुजातानं त्रिशरण म्हटलं, ते तीन-तीनदा म्हणतात. मग मेरी म्हणाली, मग मीही म्हणते. शहनाज मोमिनपुऱ्याची, पकडीत पटाईत, तिनं दुआ मागितली. तिची सगळ्यात लहान, पण ती दुपट्टा शोधण्यात वेळ घालवायची. आणि लताला वाटलं, सगळ्यांची लांबते तर आपल्या गणपतीनं काय घोडं मारलंय? तिनं स्तोत्राला टाळ्यांसकट आरती जोडली. कुणी आखडतं घ्यायला तयार नाही. भांडण मुळीच नव्हतं. उलट एकमेकींचं इतकं मन लावून ऐकायच्या की मलाच रडू फुटायचं बाकी होतं. सेमीफायनलला काय झालं ते वर सांगितलंच आहे.

त्या संध्याकाळी नानासाहेब कॉलेजात आले. "पाहिलंत ना? नारळ समोरच्यांच्या हद्दीत गेला. उद्यापासून एकच प्रार्थना, आपली नेहमीची. हात जोडायचे नसतील तर त्या मुलीनं बाहेर बसावं. हा माझा शेवटचा शब्द."

नानासाहेबांचा शेवटचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आता सुजाताचं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. फायनलला युनिव्हर्सिटी टीमची निवड समिती येणार होती. युनिव्हर्सिटी खेळलेल्या मुलीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात सहज प्रवेश मिळायचा. सुजाताला तिथेच जायचं होतं. तिला माझ्यासारखी शिट्टीवाली बाई व्हायचं होतं. हे ती मला कधी बोलली नव्हती, पण माझी शिट्टी हातात आली की ती सोडायची नाही. उद्या बाहेर बसली तर समितीला ती दिसणारच नव्हती. आणि हात जोड म्हणून तिला सांगायला माझी जीभ रेटेना. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

फायनलच्या सकाळी हलकी प्रॅक्टिस ठेवली. दम लांबवायचा व्यायाम. एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत मैदान पार करायचं, दम तुटला की तिथेच खाली बसायचं. मी पोरींना नानासाहेबांचा निरोप सांगितला. सुजाता बुटाची नाडी सोडत बसली.

"मी बाहेर बसते म्यॅडम," ती म्हणाली. "माह्यापायी टीमले काहून त्रास?"

"चूप बस वं," लता म्हणाली. "तू बाहेर बसशील तं चढाई का माही आजी करंल?"

शहनाज मैदानाच्या मधोमध, दम तुटला तिथेच, मांडी घालून बसली होती. तिथूनच बोलली, "मॅडम, कबड्डी एक साँस में बोलते ना? तो प्रार्थना भी एक साँस में बोल लेंगे. सब अपनी-अपनी, एक साथ. साँस टूटी, दुआ खत्म."

एवढी डी.पी.एड.ची पदविका घेतलेली मी, माझ्या डोक्यात हे काहून आलं नाही कुणास ठाऊक. लगेच ट्रायल घेतली. नियम चढाईचाच. शिट्टी वाजली की श्वास भरायचा आणि आपापली प्रार्थना मोठ्यानं सुरू करायची. दुसरा श्वास घ्यायचा नाही. जिचा दम तुटेल तिनं 'आमीन' म्हणा, 'मोरया' म्हणा, काहीही म्हणा, पण गप्प व्हायचं.

शिट्टी मारली आणि असा काही गलका उठला की झाडावरचे पोपट उडाले. मेरी चौथ्या नावाला आऊट. लता आरतीपर्यंत पोचलीच नाही. पोरी पोट धरून मातीत लोळल्या. मग चुरस लागली. "म्यॅडम, परत एकदा." मेरीनं सगळ्यांची नावं सोडून 'माझी पूर्ण टीम' एवढंच मागायचं ठरवलं आणि देवाचाही वेळ वाचला. शेवटी मैदानात फक्त सुजाताचा आवाज उरायचा, शांत, एका लयीत, आणि आम्ही सगळ्या तिचा श्वास कधी संपतो म्हणून कान देऊन बसायचो. तो काही संपायचा नाही.

दुपारी मैदान भरलं होतं. निवड समिती टेबलामागे बसली होती. सुजाताचे वडील पहिली पाळी संपवून थेट गिरणीतून आले होते, कपड्यांवर कापूस तसाच. नानासाहेब नारळ घेऊन हजर. पंचांनी पहिली शिट्टी वाजवली. माझा गोल तयार झाला. सुजाता गोलात उभी होती, हात बाजूला सरळ सोडून.

"हात," नानासाहेब म्हणाले.

"साहेब, आज पद्धत थोडी वेगळी आहे," मी म्हटलं आणि शिट्टी मारली.

गलका उठला आणि बघता बघता विरलाही. नानासाहेब लाल झाले होते.

"हे काय चालवलंय? याला प्रार्थना म्हणतात? ही थट्टा आहे."

"थट्टा नाही साहेब," लता अगदी गंभीरपणे म्हणाली. "देवाले पूर्ण दम देऊन राहिलो आम्ही. लय कठीण हाय. तुम्ही म्हणून पाहा एकदा."

आणि इथेच वकील फसला. वकिलाला आव्हान दिलं की तो नाही म्हणू शकत नाही. "अर्धा तास कोर्टात उभ्यानं बोललेला माणूस आहे मी," ते म्हणाले. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, टोपी सारखी केली, छाती भरून श्वास घेतला आणि स्तोत्र सुरू केलं. पोरी भोवती उभ्या राहून कान देऊन ऐकत होत्या. पहिली ओळ दणक्यात गेली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरका झाला. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी नानासाहेबांनी हळूच, नाकानं, चोरून श्वास घेतला.

"आऊट," सुजाता म्हणाली.

तिला म्हणायचं नव्हतं. पण सकाळभर हेच चाललं होतं, सवयच लागली होती. बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवला. पण तोवर बाकीच्या अकराही पोरी एका सुरात 'आऊट' ओरडल्या होत्या. मैदानातून पंचही म्हणाले, "दम तुटला साहेब, मी पाहिलं."

नानासाहेबांना बोलायचं होतं. फार बोलायचं होतं. पण त्यांना खोकल्याची उबळ आली, तोंडातून शब्द फुटेना, नुसतं बोट वर झालं. त्या बोटाचा अर्थ काय ते विचारत बसायला वेळ नव्हता, कारण पंचांनी दुसरी शिट्टी मारली होती. सुजाता मैदानात शिरली. मी नानासाहेबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नारळ परत दिला. त्यांचा श्वास जागेवर आला तोवर तिची पहिली चढाई होऊन दोन पॉइंट मिळाले होते. चालू मॅचमधून खेळाडू कसा काढायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

फायनल आम्ही हरलो. उगाच गोड शेवट करत नाही. समोरची टीम चांगली होती. शेवटच्या मिनिटाला शहनाजची पकड सुटली आणि संपलं. बक्षीस समारंभानंतर नानासाहेब गळ्यातला हार काढत म्हणाले, "बघितलंत? अर्धवट प्रार्थनेचं फळ."

"साहेब," मी म्हटलं, "जिंकणाऱ्यांनी तर केलीच नव्हती."

नानासाहेबांना पहिल्यांदा हसू आलं आणि त्या हसण्यानं परत खोकला.

समितीनं युनिव्हर्सिटी टीमची नावं वाचली. आमच्या कॉलेजातून एकच नाव होतं, सुजाताचं. लताचं नव्हतं, तरी सगळ्यात मोठी किंकाळी लताचीच. तिनं सुजाताला उचललं, मेरीनं दोघींना उचललं. सुजाताचे वडील गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले.

"म्यॅडम, पोरगी लागली का?"

"लागली."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि कपड्यांवरचा कापूस तसाच असलेल्या त्या माणसानं माझ्यापुढे हात जोडले. मी ते हात धरून खाली केले. म्हटलं, "मला नका जोडू, भाऊ. आज इथे एवढ्या जणींनी एवढ्या देवांना हाका मारल्या, दम मात्र तुमच्या पोरीचा होता."

सुजाता पुढे शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेली आणि भंडाऱ्याकडे शिट्टीवाली बाई झाली. मी निवृत्त झाले. नवे कोच कधी विचारायला येतात, टीममध्ये प्रार्थना ठेवावी की नको. मी सांगते, खुशाल ठेवा, कुणाचीही ठेवा, नाही ठेवली तरी चालेल. पण ती संपेल तेव्हा प्रत्येक पोरीच्या छातीत श्वास शिल्लक पाहिजे. चढाई त्यानंतर असते.