खमिराची लेक

नंदुरबारात मुनव्वर बेकरीवाल्याचा नान ज्याने खाल्ला, तो मुनव्वरची तारीफ करत घरी जातो. खरी तारीफ त्याच्या बायकोची, शमाबीची व्हायला हवी. पण पाटीवर नाव नवऱ्याचं आहे आणि जग पाटी वाचतं. नान भाजतो मुनव्वर, फुगवतं ते शमाबीचं खमीर. हे खमीर म्हणजे मडक्यात जपलेलं आंबट पीठ. रोज त्यातलं थोडं कणकेत घालायचं, उरलेल्याला मैदा-पाणी देऊन परत वाढवायचं. शमाबीला ते सासूने दिलं, सासूला तिच्या सासूने.

शमाबी बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी, आणि हट्ट म्हणाल तर सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. मूळची धानोऱ्याची. तिथे शेजार पाटलांचा, म्हणून जीभ अहिराणी झाली, ती नंदुरबारात येऊनही सुटली नाही. शेजारची एक रीतही तिने उचलली. लेकीला मूल होत नाही तोवर आईने तिच्या घरी अन्नपाण्याला शिवायचं नाही. मुनव्वरने कितीदा सांगितलं, आपल्यात असलं काही नाही. पण रीती काय, कुंपणावरच्या वेली. त्या कोणाचं आवार बघून थोड्याच पसरतात.

थोरली लेक महजबीन प्रकाशा गावी दिली. जावई तौफिकचं देवळाच्या रस्त्यावर चहा-नाश्त्याचं हॉटेल, मागेच घर. लग्नात भांडीकुंडी दिली, तसं खमीरही दिलं. लग्नाला आता बरीच वर्षं झाली, पण मूल नाही. शमाबी वरचेवर जायची, जाताना स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली न्यायची. जेवायचा आग्रह झाला की म्हणायची, "नातू व्हई तवय जेवसू." तिला वाटे, आपण दुवा देतोय. महजबीनने पुढे आग्रह करणं सोडून दिलं. ते का, हे शमाबीच्या ध्यानात आलं नाही. माणूस बोलण्यात पटाईत असला की ऐकण्यात कच्चा राहतो.

यंदा डिसेंबरात थंडी कडाक्याची पडली. सारंगखेड्याची यात्रा तोंडावर, दरवर्षीसारखा तिथे मुनव्वरचा नानचा ठेला लागायचा होता. खमीर गारठेल म्हणून शमाबीने मडकं गोधडीत गुंडाळलं आणि भट्टीच्या डोक्यावर ठेवलं. लाड अंगाशी आले. सकाळी झाकण काढलं तर आत शिजलेली खळ. बुडबुडा नाही, आंबट वास नाही.

मुनव्वरने बाजारातून यीस्टची पुडी आणली. नान फुगला, पण चवीला कापूस. एका जुन्या गिऱ्हाइकाने अर्धा खाऊन ठेवून दिला. मग मुनव्वर म्हणाला, "महजबीनकडे आपलंच खमीर आहे. जा, घेऊन ये."

घोडं पेंड खात होतं ते इथेच. शमाबी म्हणाली, "तिना घरनं अन्न लेवानं नई. आनि खमीर म्हंजे दियेल लेकच, ती कोनी परत मांगस का?" मुनव्वरने कपाळाला हात लावला. यात्रेत चवीविना नान विकायचा की ठेलाच लावायचा नाही, एवढंच त्याच्या हाती उरलं.

धाकटी आफशीन कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ती म्हणाली, खरंच सगळं मेलंय का ते तरी पाहू. बाईंची परवानगी काढून तिने आईला प्रयोगशाळेत नेलं. खमिराचा थेंब काचेवर ठेवला, त्यात निळा रंग सोडला. "जे जित्तं शे, ते रंग पचाडी टाकस. मरेल निळं व्हस." शमाबीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळं निळं. घरातलं माणूस गेल्यासारखी ती स्टुलावर बसून राहिली.

तिचं मन दुसरीकडे वळावं म्हणून आफशीनने पुडीतलं यीस्ट कोमट साखरपाण्यात भिजवून ठेवलं आणि थोड्या वेळाने त्याचा थेंब लावला. "आते देख."

गोल गोल, फिकट दाणे. एकाच्या अंगाला बारीक फुगवटा.

"अवं, याले ते गुमडं उनं!"

"गुमडं नई अम्मी, लेक शे ती." आफशीनने समजावलं की ही एकएक पेशी आहे. पोट भरलं की तिला असा कोंब फुटतो. कोंब मोठा होत जातो, आई आपल्यातलं थोडं थोडं त्यात घालते, पुढची सगळी अक्कल ज्यात लिहिलेली असते त्या गाभ्याचीही नक्कल करून एक प्रत त्याला देते. मग मधे भिंत उभी राहते आणि लेक सुटी होते. आईच्या अंगावर त्या जागी वण राहतो.

"आनि ती लेक?"

"ती बी मोठी व्हस, नि तिले बी लेकी व्हतस. खावाले भेटनं ते दोन-दोन तासमा."

शमाबीने पुन्हा डोळा लावला. एका दाण्याला कोंब होता आणि त्या कोंबालाही इवलासा कोंब फुटला होता. बराच वेळ ती पाहत राहिली. मग एकदम ताठ झाली. "म्हंजे प्रकाशाले शे ती मन्ही लेक नई! नात नई, पनती नई... आफशीन, किती पिढ्या व्हयन्यात वं?"

"हजारो."

"लेकले इतल्या लेकी व्हयन्यात, नि मी आजून नातूनी वाट देखस! मंग मी भलतीच येडी शे," शमाबी म्हणाली, आणि प्रयोगशाळेतली पोरं वळून पाहतील इतक्या मोठ्याने हसली. तिथूनच स्टँडवर गेली, प्रकाशाची एसटी धरली.

दारात आईला रिकाम्या हाताने पाहून महजबीन घाबरली. "काय व्हयनं अम्मी? डबा कोठे शे?"

"मन्हं खमीर मरी गयं. तुन्हं दे."

महजबीनने फडताळातून बरणी काढली. पीठ काठापर्यंत चढलेलं, बुडबुडे फुटत होते. शमाबीने वास घेतला. तोच आंबटपणा, तसूभरही फरक नाही. इतकी वर्षं ही पोर एकटीने हे सांभाळत होती, रोज मैदा घालत होती, आणि आपण तिच्या चुलीकडे पाहिलंही नव्हतं. शमाबीला स्वतःची लाज वाटली. येताना एसटीत नाती-पणत्यांचा विनोद तिने घोटून पाठ केला होता, तो ओठांवर आलाच नाही.

"माले भूक लागेल शे," ती म्हणाली. "वाढ."

महजबीनचा हात बरणीवरच राहिला. "पन अम्मी, माले आजून..."

"माले म्हाईत शे. त्यानं काय? तू शे ना."

महजबीन चुलीकडे वळली. तव्यावर नान टाकला, उलटवायला विसरली, तो एका बाजूने करपला. तौफिकने हॉटेलातून डोकावून पाहिलं आणि न विचारता पाण्याचा तांब्या सासूसमोर ठेवला. शमाबी घटाघटा प्यायली. मग करपलेला नान मोडून खाऊ लागली.

"मीठ कमी शे," ती म्हणाली.

महजबीन खुदकन हसली, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावून शेजारी बसली. आईच्या ताटातलाच तुकडा मोडून तिनेही तोंडात टाकला. खरंच मीठ कमी होतं.