लाइन मेली, आता काय?

माझी आत्या परास्का आठ वर्षं लष्कराच्या टेलिफोन बोर्डावर होती. आवाज खणखणीत. कोण कुणाशी बोलायला किती घाबरतं, हे तिला नुसत्या खाकरण्यावरून कळायचं.

तिच्या डिव्हिजनचा प्रमुख होता जखार येवदोकिमोविच लोबाच. टक्कल पडलेला, पायानं जरा लंगडा. त्याची एक खोड होती. युद्धसराव रंगात आला की हा बोर्डापाशी यायचा, आत्याला म्हणायचा, "सरक गं पोरी," आणि दोन मुठींनी सगळे प्लग उपटून टाकायचा. मग घोड्यावर बसून एकेका रेजिमेंटवर जायचा. तिथला कर्नल मेलेला रिसीव्हर धरून हॅलो हॅलो करत असायचा.

"लाइन मेली. मीही मेलो. आता काय करशील?"

"साहेब, हुकमाची वाट—"

"मेलेल्या माणसाच्या हुकमाची? डोकं टोपी ठेवायला दिलंय का रे तुला?"

कर्नल शिव्या खायचे, पण दोन-तीन वर्षांत शिकले. प्लग उपटले तरी डिव्हिजन चालत राहायची.

एकोणीसशे सदतीसच्या पानगळीत लोबाचला गुप्त पोलिसांनी धरून नेलं. पाठोपाठ त्याच्या हाताखालचे तीन कर्नल गेले. आत्यालाही बोलावणं आलं. टेबलामागचा माणूस सभ्य होता, त्यानं चहा दिला.

"लोबाचनं सैन्याच्या तारा उपटल्या का?"

"उपटल्या, पण त्या सरावा—"

"पण नको. हो की नाही?"

"हो."

आत्यानं सही केली. लोबाच पुन्हा कुणाला दिसला नाही.

एकेचाळीस साली डिव्हिजन सरहद्दीवरच्या बूग नदीवर होती. प्रमुख होता तित्कोव, चार वर्षांपूर्वीचा साधा कॅप्टन. मोठी माणसं उरलीच नव्हती म्हणून पायऱ्या गाळून वर चढवलेला. माणूस वाईट नव्हता. पण सैनिकांच्या न्हाणीघराला चुना लावायचा तरी तो वरच्या मुख्यालयाची लेखी परवानगी मागवायचा. प्लग उपटायचा सराव कुणी काढायचं नाव घेत नव्हतं. ज्या गोष्टीपायी माणूस गेला, ती कोण करणार?

माझे वडील मकार, आत्याचा धाकटा भाऊ, त्याच डिव्हिजनच्या तोफखान्यात सार्जंट होते. त्यांच्या तोफा पुलावर रोखलेल्या. जूनमध्ये युद्ध सुरू झालं त्या रविवारी, पुरतं उजाडलेलं असताना, त्यांचा फोन आला.

"परास्का, पुलावर माणसं आहेत. आमची नव्हेत. तुझ्या साहेबाला विचार, टाकू का गोळा?"

"तुझा कॅप्टन काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार! परवाच झालाय कॅप्टन. खिशातला कागद काढून वाचत बसलाय. हुकमाशिवाय गोळी नाही."

तित्कोव बोर्डाशेजारीच उभा होता. तो म्हणाला, "वर विचारतो. मुख्यालय जोड."

आत्यानं प्लग घातला. आवाजच नाही. दुसऱ्या वाटेनं घातला. तिथंही नाही.

"साहेब, वरची लाइन मेलीय."

"मग जिवंत कर ना बाई!"

"साहेब, लोबाच साहेब असते तर—"

तित्कोवचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "ते नाव काढायचं नाही. जोड. जोडत राहा."

आत्या जोडत राहिली. घामानं प्लग बोटांतून निसटायला लागले.

पुन्हा वडील. "अगं ए महाराणी, अर्धा पूल ओलांडला त्यांनी! विचारलंस का?"

तित्कोव ऐकत होता. त्यानं पुन्हा वरच्या लाइनकडे बोट दाखवलं. तीच ती खुर्ची, आणि तिच्यावर आधी बसलेल्याचं काय झालं, हे त्याला पाठ होतं.

"थांब," आत्या म्हणाली.

"थांबतो. साहेबाचा चहा झाला की कळव."

त्यानंतर त्या बाजूनं फोन आला नाही. आठवड्यानं तित्कोवलाही गोळी घातली, आपल्याच माणसांनी. पूल गमावला म्हणून.

छप्पन साली राजधानीहून एक तरुण अधिकारी आमच्या घरी आला. लोबाच निर्दोष होता असं सरकारला आता ठरवायचं होतं. त्यासाठी आत्याचा जबाब हवा होता.

"तारा उपटल्या त्या सरावासाठीच ना?"

आत्यानं विचारलं, "आता 'पण' चालतं होय?"

त्यानं कागद पुढं सरकवला. तिनं सही केली. तो गेल्यावर ही सगळी हकीकत तिनं मला पहिल्यांदा सांगितली. मी अठरा वर्षांची होते, वडिलांचा चेहराही मला आठवत नव्हता.

"तूच का नाही म्हणालीस, गोळा टाका म्हणून?" मी विचारलं. "आवाज तर तुझाच ऐकू जात होता त्यांना."

"लाइन मेली होती गं."

"वरची मेली होती आत्या. बाबांची चालू होती."

तिनं कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि मागच्या अंगणात बटाटे खणायला गेली. बटाटे आम्ही आदल्याच दिवशी काढून संपवले होते.