सौंसरपर्यंतच तर जायचं होतं

दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेच्या ड्युटीवर पोहोचलो आणि तिसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झालो. मी हवालदार. अठरा वर्षं फौजेच्या गाड्या पहाडात, बर्फात चालवलेल्या. परीक्षक घानाचा सार्जंट होता. तो एवढंच म्हणाला, "आरशात पाहिलं. मान वळवून मागं पाहिलं नाही. फेल."

माझ्याच प्लाटूनचा नाईक विलास डोंगरे पहिल्याच वेळी पास झाला. विलास मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या बोरगावचा, मी तिथल्याच पांढुर्ण्याचा. एवढ्या दूर आमची बोली बोलणारे आम्ही दोघंच. संध्याकाळी कॅम्पच्या मैदानात त्यानं मला गाडीत बसवलं. "साहेब, इथं उजव्या बाजूनं चालाचं. घाई करू नका." दुसऱ्या वेळी मी पास झालो.

तिथले रस्ते म्हणजे लाल चिखल. नियम मात्र कडक. कॉन्व्हॉय निघण्याआधी रेडिओवर एकेका गाडीचा रिपोर्ट यायचा. "व्हेईकल थ्री, सगळे बेल्ट ओके, ओव्हर." तो विलासचा आवाज. स्पीड वाढला की गाडीतल्या मशीनमध्ये नोंद व्हायची आणि सकाळी जबाब द्यावा लागायचा. वर्षभरात आमच्या गाड्यांना ओरखडा आला नाही. त्याआधी आम्ही दोघं भूतानला, आपल्या फौजेच्या प्रशिक्षण पथकात होतो. तिथं माणूस रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला तरी गाडी थांबते, हॉर्न वाजत नाही. विलासला त्याचं फार नवल. म्हणायचा, "आपल्याकडे थांबलो तर मागचा शिव्या देते."

मी रिटायर होऊन पांढुर्ण्यात आलो. पुढच्या हिवाळ्यात विलासला सुटी मिळाली. सकाळी ९.४० ला तो पांढुर्णा स्टेशनवर उतरला. माझ्या घरी चहा घेतला. घरी फोन केला, "जेवाले येऊन राहिलो." त्याला मोटरसायकलवर बोरगावला सोडायचं मीच ठरवलं होतं.

मी हेल्मेट घातलं. पिठू, म्हणजे फौजी सॅक, पाठीवर घेऊन विलास उभा होता.

"साहेब, दुसरं हेल्मेट आहे का?"

होतं. माळ्यावर. स्टूल लावावं लागलं असतं.

"अबे, सौंसरपर्यंतच तर जाचं आहे. बस."

तो बसला. मी सिनियर होतो.

१०.५० च्या सुमारास संत्र्याच्या बागेतून एक ट्रॅक्टर-ट्रॉली थेट रस्त्यावर आली. चालवणाऱ्यानं ना डावीकडे पाहिलं, ना उजवीकडे. मी ब्रेक मारला. गाडी गिट्टीवर घसरली. मी नालीत पडलो, उजव्या खांद्याचं हाड मोडलं. विलासचं डोकं पुलियाच्या दगडावर आपटलं होतं.

सरपटत त्याच्याजवळ गेलो. सवयीनं तोंडातून निघालं, "विलास, रिपोर्ट."

"ठीक आहो, साहेब."

त्यानंतर तो बोलला नाही.

ट्रॅक्टरवाला म्हातारा शेतकरी होता. आपला खांद्यावरचा दुपट्टा विलासच्या डोक्याला दाबून तो रडत होता. "मले दिसलंच नाही जी. दिसलंच नाही." मी त्याला कोणत्या तोंडानं बोलणार होतो? एक पिकअप थांबली. विलासचं डोकं मांडीवर घेऊन मी सौंसरच्या दवाखान्यापर्यंत बसलो. ११.३५ ला डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि त्याचा हात हळूच खाली ठेवला.

युनिटमधून एक सुभेदार आणि चार जवान आले. बोरगावात अंत्यसंस्काराला बुद्धवंदना झाली. मी प्लास्टरमध्ये मागं उभा होतो.

पंधरा दिवसांनी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सुनीता दारात बसली होती.

"भाऊजी, तुमच्या घरी एकच हेल्मेट होतं का?"

"दोन होते."

"मग त्यायनं मागितलं नाही?"

"मागितलं होतं."

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मग ती पाण्याचा गिलास घेऊन आली. माझ्या डाव्या हातात देत म्हणाली, "खांदा दुखते का अजून?"

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुटीत मरण आलेल्या जवानाचं नाव शहिदांच्या भिंतीवर लागत नाही. आता सावरगावच्या, सौंसरच्या शाळा मला रस्त्यावरच्या सुरक्षेबद्दल बोलायला बोलावतात. मुलं विचारतात, "सर, कोणत्या देशातले लोक चांगली गाडी चालवतात?" मी भूतानचं सांगतो, दक्षिण सुदानचं सांगतो. मग सरळ उभा राहतो आणि विलासचं नाव घेतो. नाईक विलास डोंगरे. राहणार बोरगाव. वय एकोणचाळीस. सुटीवर घरी जात होता.

गाडी मी चालवत होतो.