विम्याचा पाहुणा

अमरावतीच्या मैदानावर सामना चालू होता. दादा चेंडू झेलायला उडाला, खाली आला आणि त्याचा गुडघा फिरला. त्यानंतर तो बास्केटबॉल खेळला नाही.

अकोल्याच्या एका गिरणीने त्याला खेळण्यासाठीच नोकरीवर ठेवलं होतं. गिरणीने आपल्या खेळाडूंचा विमा उतरवला होता. सामन्यात कुणी जायबंदी झाला, तर तो बरा होईपर्यंत त्याचा पगार विमा कंपनी देई. वडील नव्हते, मी कॉलेजात होतो. घर त्या पगारावरच चाले.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. घरी बसून पगार मिळतो, हे गल्लीत कुणालाच पटत नव्हतं. शेजारचे काका ओट्यावरून विचारत, "काऊन बावा, पाय खरंच दुखते, का आराम करून राहिला?" दादा हसे. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसे आणि रस्त्यावर नजर ठेवी.

एके दुपारी विमा कंपनीचे गृहस्थ आले. पांढरे केस, मऊ बोलणं, हातात संत्र्यांची पिशवी. गुडघ्याचं त्यांनी विचारलंच नाही. तेच मला खटकलं. पाणी मागून ते कोण उठतं हे पाहत राहिले. मी उठलो.

जेवणाची वेळ होती. आई पाट मांडू लागली. मी तिला आत गाठलं.

"माय, हा मानूस पाहाले आला आहे. दादाले पाटावर नको बसवू."

"पाहुन्याले एकट्याले जेवाले बसवतेत का? कोनत्या पुस्तकात वाचलं रे हे?"

दादाने ते ऐकलं. तो येऊन पाटावर बसला. वडीलधाऱ्या पाहुण्यासमोर पाय पसरायचा नाही, म्हणून त्याने मांडी घातली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पाहुण्यांनी आणखी भाकरी मागून घेतली. जेवण त्यांनी मुद्दाम लांबवलं, असं मला आजही वाटतं.

निघताना ते म्हणाले, "बसता की छान!"

ते गेल्यावर मी आणि आईने दादाला धरून उठवलं. पुढच्या महिन्यापासून पगार बंद झाला. गुडघा बरा आहे, असं कंपनीने गिरणीला कळवलं होतं.

दादाला जाऊन आता वर्ष होईल. त्या दुपारनंतर तो कधी पाटावर बसला नाही. कुणीही आलं तरी खुर्चीवर बसून, पाय लांब करून जेवत असे. ती खुर्ची माझ्याकडे आहे.