भाऊंची पालथी भांडी

भाऊ गेले हे मला कुसगावात कळलं. एका गिऱ्हाइकाच्या अंगणात भट्टी लावून बसलो होतो, भाता नुकता धरला होता, तेवढ्यात शेजारचा गणपत धापा टाकत आला. "कासमभाई, घरी चला. युसूफभाऊ गेले." मी विचारलं, "कुटं गेले?" कारण दोन वर्षं ते रोज कुठं ना कुठं जातच होते आणि मी रोज शोधून आणत होतो… गणपतनं माझ्या हातातला भाता काढून घेतला. मग समजलं. आणि लाज सोडून सांगतो, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुटलो". परवा चाळिसावा झाला, तरी तो शब्द घशाखाली उतरत नाही.

आमचा धंदा कल्हईचा, पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा द्यायचा, म्हणजे आंबट कळकत नाही. लोणावळ्याच्या बाजारात वडिलांपासूनचं दुकान. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आणि हात असा, की त्यांनी कल्हई केलेल्या पातेल्यात बघून माणसानं भांग पाडावा. जर्मनशी पहिली लढाई चालू होती तेव्हा, ऐन पंचविशीत, त्यांना आवाज ऐकू यायला लागले. म्हणायचे, रिकाम्या भांड्यांत माणसं बसतात. कुणी शिव्या देतं, कुणी नाव घेऊन बोलावतं. अंगारे-धुपारे झाले, दर्गा झाला, पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात सहा महिने काढून झाले. तिथून झोपेचं औषध घेऊन परतले. आवाज होते तसेच. शेवटी भाऊंनीच उपाय काढला. घरातलं, दुकानातलं रिकामं भांडं पालथं घालायचं, म्हणजे आत कुणाला बसायला जागाच नको. भाबीनं ते निमूट पाळलं. मी मात्र चिडायचो. "भाऊ, लोक हसतात," म्हटलं की ते म्हणत, "हसू दे. तुला कुटं ऐकू येतंय?" आणि तरी वीस-बावीस वर्षं ह्याच माणसानं भट्टीवर बसून घर चालवलं, हे हसणाऱ्यांना कधी दिसलं नाही. माझं अल्लाकडे एकच मागणं होतं. ते आवाज जावेत आणि माझा भाऊ मला परत मिळावा.

आवाज गेले की! दुसरी लढाई लागली, कथील महाग झालं, त्याच सुमाराला एका सकाळी भाबी दुकानात धावत आली. "कासमभाई, आज सगळी भांडी उतानीच ठेवलीत त्येंनी!" मी भाऊंना विचारलं, आवाज येतात का? म्हणाले, "न्हाई. कुनीच न्हाई." मी दर्ग्यावर चादर चढवली, बाजारभर पेढे वाटले. पुण्याच्या डॉक्टरांसाठीही घेऊन गेलो. त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला. म्हणाले, "घाई करू नका. ह्या आजारात माणसाचं डोकं कधी कधी वयाच्या आधीच झिजतं. नावं विसरतात का, काम विसरतात का, तेवढं बघत जा." मी मनात म्हटलं, काय अभद्र माणूस आहे!

पंधरा दिवसांनी कुसगावच्या एक मावशी पितळी पातेलं आपटत दुकानात आल्या. "ताक कळकलं की रं! पोरं वकून वकून बेजार झाली. कथील म्हाग झालं म्हनून फशिवता व्हय?" मी पातेलं बघितलं. बाहेरून लखलखीत, आत कथलाचा टिपूस नाही. भाऊंनी ते तापवलं होतं, नवसागर टाकला होता, कापूसही फिरवला होता… कथील तेवढं राहिलं होतं. मी कथलाची कांडी त्यांच्या हातात दिली. उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "ह्ये काय असतंय?" भाऊ बरे झाले नव्हते. ते आवाजांनाही विसरले होते. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. ह्यावर औषध नाही म्हणाले, जपा, गोडीनं वागा, एकटं सोडू नका. मी विचारलं, पेढ्यांच्या वेळीच तुमचं ऐकलं असतं तर? तरी हेच सांगितलं असतं, म्हणाले. हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं, नाही वाटलं.

कांडीमागोमाग भाबीचं नाव गेलं, मग माझं. एके दिवशी बघतो तर भाऊ ओट्यावर बसून रडतायत, पुढ्यात रिकामं तपेलं. "काय झालं, भाऊ?" "माज्याशी आता कुनीच बोलत न्हाई." मी म्हटलं, "मी बोलतोय ना!" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नजर तपेल्यात. मग ज्या आवाजांना जन्मभर शिव्या घातल्या, त्यांचंच काम मी केलं. तपेलं उचललं, त्यात तोंड घालून हळूच म्हटलं, "युसूफ…" भाऊंनी झटकन मान वर केली. चेहरा असा उजळला, की वाटलं, भाऊ परत आले! "कोन?" म्हणाले. आणि मी नाव सांगेपर्यंत विसरूनही गेले.

भाबी अजून भांडी पालथीच घालते. "आता कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "हाताला वळन पडलंय." ते तपेलं मात्र मी दुकानात उताणं ठेवलं होतं, चाळीस दिवस. काल भरदुपारी बाजार सामसूम होता. वाकून त्यात हाक मारली, "भाऊ…" माझाच आवाज परत आला. बराच वेळ कान लावून बसलो. मग उठलो आणि ते पालथं घातलं.